ठेंगणीची पिशवी

आवारात आता एकच गाडी उरली होती आणि ती काही केल्या विकली जात नव्हती. येणारा येई, बॉनेटवर थाप मारी, वाकून खालचा सांगाडा बघी, खूश होई. मग दार उघडून आत बसायला जाई आणि गुडघे स्टीअरिंगवर आपटून कळवळे. "ही काय बाहुलीची गाडी आहे का हो?" असं म्हणून हसत निघून जाई. मिस्त्री तोंडाने हळहळे आणि मनातून सुटल्यासारखा होई.

गाडीचं नाव ठेंगणी.

मिस्त्रीचा धंदा जुन्या फोर-व्हील गाड्यांचा. ओढ्यात बुडालेली, रानात गंजत पडलेली, कुणाच्या परसात कोंबड्यांचं खुराडं होऊन बसलेली, कसलीही गाडी तो ओढून आणे, तिचा नट न् नट सुटा करी आणि पुन्हा उभी करी. मग घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे तिच्यात बदल. कुणाला डोंगरातून लाकडं ओढायची, तर पुढे दोर गुंडाळणारं यंत्र बसव. कुणाला नदीतून जायचं, तर हवा ओढणारी नळी टपापर्यंत वर ने. पण त्याची एक शिस्त होती. गाडीचं जे मूळचं काढलं ते फेकायचं नाही. पुसायचं, ग्रीस लावायचं, गोणपाटाच्या पिशवीत भरायचं, पिशवीवर रंगाने गाडीचं नाव घालायचं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं. गाडी विकली की पिशवी तिच्याबरोबर. "उद्या तिला परत पहिल्यासारखं करावंसं वाटलं तर?" तो म्हणे. त्या भागातले लोक मिस्त्रीची गाडी घेताना इंजिनाच्या आधी पिशवीची चौकशी करत.

गाड्या उभ्या करायच्या त्याने आणि विकायच्या त्याच्या बायकोने. आवाराच्या मागे बंद पडलेली दगडाची खाण होती. तिच्या कडेने एक खडी चढण वर जाई, नुसते सुटे दगड आणि घळी. बायको गिऱ्हाइकाला शेजारी बसवून गाडी त्या चढणीवर घाले. बोलत काही नसे. वर पोचली की एक लांब हॉर्न देई. खाली एका चपट्या दगडावर मिस्त्री बसलेला असे, तो हात वर करी. गिऱ्हाईक उतरून येई तेव्हा चेहरा पांढराफटक आणि व्यवहार पक्का.

मिस्त्री स्वतः मात्र त्या चढणीवर कधी गेला नव्हता. उंचावर गेलं की त्याला गरगरत असे. "गाड्यांना डोंगर चढायला शिकवतात आणि स्वतःला स्टुलावर उभं राहवत नाही," बायको गिऱ्हाइकांना त्याच्या देखत सांगे. "म्हणून तर तुला ठेवलीय," तो म्हणे. ती म्हणे, ठेवलीय कोणी कोणाला ते गावाला माहीत आहे.

अंगाने ती फार बुटकी. गाडी चालवताना खाली उशी, पाठीला घोंगडीची वळकटी, तरी पाय पोचवण्यासाठी तिला कमरेतून खाली सरकावं लागे. समोरून बघणाऱ्याला वाटे, गाडी आपली आपणच चालत येतेय. संध्याकाळी पाठ धरून बसायची. ते बघवेना, तेव्हा मिस्त्रीने तिच्यासाठी ही गाडी बांधायला घेतली. सीट एका लाकडी पेटीवर उचलून पुढे घेतली, पेटीला बाजूने झाकण केलं. मूळची पेडलं काढून लांब दांड्यांची घातली आणि त्यांच्यावर सागाचे ठोकळे बसवले. गिअरचा दांडा कापून तिच्या हाताशी आणला. चढायला दाराखाली पायरी केली. ती आत बसली, पाय सपाट टेकले, एकेक पेडल दाबून बघितलं. मग खाली पडलेल्या जुन्या सामानाकडे बघून तिने विचारलं, ह्याची पिशवी बांधायची ना?

"भंगारात टाक," मिस्त्री म्हणाला. "हिला कोण विकणार आहे?"

एवढ्या वर्षांत पिशवी नसलेली ती एकच गाडी.

पुढे बायकोला दुखणं लागलं. आधी डाव्या पायातली ताकद गेली, मग उजव्यातली. मिस्त्री डॉक्टरांचं काय ते ऐकून घेई आणि घरी येऊन ठेंगणीखाली शिरे. तिचा पाय जसा हलका होत गेला, तसतसा तो क्लच हलका करत गेला. कधी स्प्रिंग बदल, कधी दांडा आणखी लांब कर. शेवटी शेवटी तो क्लच नुसत्या बोटांनी दाबला जाई. तरी तिच्याच्याने होईना. मग ती नुसतीच आत बसून राही, हात स्टीअरिंगवर, गाडी बंद. मिस्त्री जवळच काहीतरी ठोकत बसे. एकदा तिने हाक मारून सांगितलं, अहो, पुरे करा आता, गाडी तरी धड राहू द्या. त्याने ऐकलं नाही. त्या हिवाळ्यात ती गेली.

तेव्हापासून मिस्त्रीचे हात थरथरू लागले. पाना नटावर बसेना. जागेच्या मालकाला आवार हवं होतं. लेक लांबच्या शहरातून बापाला न्यायला आली. एकेक करून सगळ्या गाड्या गेल्या, भिंतीवरच्या पिशव्याही गेल्या, नुसते खिळे राहिले. मिस्त्री म्हणाला, ठेंगणी तुझ्या बिल्डिंगखाली ठेवू. लेक म्हणाली, बाबा, तिथे सायकलीवरून भांडणं होतात. महिनाअखेर ठेंगणी गेली नाही तर भंगारवाला येऊन कापून नेणार होता. मिस्त्रीला हे कळत होतं, पण वळत नव्हतं. कुणी तिच्यात बसून लांब पाय ताणावेत, त्यापेक्षा ती कापलेली बरी, असंही त्याच्या मनात येऊन जाई, आणि मग स्वतःचाच राग येई.

अशात गुरांचा डॉक्टर आला. उंच, जरा वाकून चालणारा माणूस. डोंगराकडच्या वाड्यांवर त्याला जनावरं तपासायला जावं लागे, आणि त्याची गाडी अर्ध्या वाटेत बसकण मारी. ठेंगणीभोवती त्याने तीन-चार फेऱ्या घातल्या. मग आत बसायला गेला, गुडघे अडकले, पण हसला नाही. पाय बाहेर काढून तसाच दारात बसला आणि म्हणाला, गाडी माझी. पिशवी काढा, मूळची पेडलं बसवू.

"या गाडीची पिशवी नाही," मिस्त्री म्हणाला.

डॉक्टरला खरं वाटेना. मिस्त्रीच्या गाडीला पिशवी नाही? लेक मध्ये पडली, दुसऱ्या कुठल्या गाडीची पेडलं मिळतीलच की. मिस्त्री भडकला. म्हणाला, दुसरीचे पाय हिला लावून विकू? आजवर असलं काही केलं नाही. लेक म्हणाली, बाबा, तुम्हाला विकायचीच नाहीये, सरळ सांगा ना. डॉक्टर दोघांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, निदान सीट तरी खाली घेऊन दाखवा. बसता आलं तर पेडलांचं बघू काहीतरी.

नाही म्हणायला मिस्त्रीला कारण सापडेना. त्याने पाना घेतला. हात थरथरत होता, म्हणून नट लेकीने सोडवले. सीट उचलून बाजूला ठेवली. खाली लाकडी पेटी. तिच्यात बायको आपली ओढणी, पाण्याची बाटली असलं काहीबाही ठेवायची. ती गेल्यावर त्याने झाकणाला हात लावला नव्हता. आता लावला.

ओढणी होती, बाटली होती. त्यांच्याखाली गोणपाटाची पिशवी होती. वर रंगाने नाव घातलेलं, अक्षरं एकमेकांवर चढलेली, तिच्या हातची.

मिस्त्रीने ती बाहेर काढून जमिनीवर ठेवली आणि तिच्यापुढे मांडी घातली. तोंडाला तिची गाठ होती, एका ओढीत सुटणारी. आत मूळची तीनही पेडलं, गिअरचा कापलेला तुकडा, सीटच्या खालच्या पट्ट्या. त्याने टाक म्हणून सांगितलेलं सगळं. तिने ते भंगाराच्या ढिगातून उचलून ठेवलं होतं आणि इतकी वर्षं त्याच्यावर बसून गाडी चालवली होती.

प्रत्येक वस्तू फडक्यात गुंडाळलेली होती. फडकं निळ्या रेघांचं. लेकीने ते हातात घेऊन उलगडलं.

"बाबा, ही चादर मी आणली होती. आई अंथरुणाला लागल्यावर."

मिस्त्रीने पेडलावरून बोट फिरवलं. ग्रीस अजून मऊ होतं. पाय चालत नसताना, तो तिकडे ठोकत बसलेला असताना, तिने आत बसल्या बसल्या, सीटच्या कडेने हात घालून, जमेल तसं एकेक काढून, पुसून, परत ठेवलं होतं. गाडी बंद, हात स्टीअरिंगवर, एवढंच त्याला दिसलं होतं.

डॉक्टर आवाराच्या दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. शेवटी मिस्त्री म्हणाला, "उद्या सकाळी या. गाडी तुमच्या मापाची करून ठेवतो."

दुपारभर दोघं बापलेक गाडीखाली होती. तो सांगे, ती पाना फिरवी. सागाचे ठोकळे निघाले. चवड्याच्या जागी ते झिजून खोलगट झाले होते, क्लचचा सगळ्यात जास्त. नंतर बसवलेली हलकी स्प्रिंग काढताना लेक म्हणाली, राहू दे ना ही. मिस्त्री म्हणाला, डोंगरात टिकायची नाही. मग काढून तीही ठोकळ्यांशेजारी ठेवली. रिकाम्या पिशवीत त्याने ते सगळं भरलं. तिची गाठ मारायचा प्रयत्न केला, जमली नाही. साधीच मारली.

सकाळी डॉक्टर आला, बसला, पाय नीट मावले. मग त्याने खाणीकडे बघितलं. चढणीशिवाय मिस्त्रीची गाडी कुणी घेत नसे, हे त्यालाही ठाऊक होतं. पण वर नेणारी राहिली नव्हती. शेवटी मिस्त्रीच पलीकडून दार उघडून शेजारच्या सीटवर चढला. बाबा, तुम्हाला गरगरेल, लेक म्हणाली. तो म्हणाला, डोळे मिटून बसतो.

आणि खरंच मिटले. दगड चाकांखालून निसटत होते, गाडी एका अंगाला झुकत होती, मध्येच तिने दम खाल्ला. पुढच्या चाकांना जोर द्या, सावकाश, ओढू नका तिला, एवढंच तो बोलला. मग सगळं सपाट झालं आणि इंजिन शांत झालं. मिस्त्रीने डोळे उघडले. त्याने दाराची कड घट्ट धरली आणि खाली बघितलं.

खाली आवार दिसत होतं, काड्यापेटीएवढं. आणि त्याच्या पुढे तो चपटा दगड, सरळ नजरेसमोर. इथून दुसरं काही दिसतच नव्हतं. दर वेळी वर येऊन ती काय बघत होती, ते त्याने आज बघितलं. दगडावर आता लेक बसली होती.

त्याने हात लांबवून हॉर्न दाबला. लांब, ती द्यायची तसा. लेकीने हात वर केला. मिस्त्रीने तोंड दुसरीकडे वळवलं, आणि डॉक्टर, भला माणूस, समोरच्या काचेवरची धूळ निरखत बसला.

उतरल्यावर व्यवहाराचं बोलणं लेकीने केलं. मिस्त्री आत जाऊन दाराशी स्टुलावर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. डॉक्टर निरोप घ्यायला आला. किल्ली हातात होती. जरा घुटमळला, कारण काढलेलं सामान गाडीबरोबर जायचं, हा मिस्त्रीचाच नियम, आणि त्याला त्या जुन्या माणसाचा नियम मोडायचा नव्हता.

"मिस्त्री, आता पिशवी?"

मिस्त्रीने दोन्ही हात पिशवीवर ठेवले. आतले ठोकळे एकमेकांवर वाजले.

"या गाडीची पिशवी नाही," तो म्हणाला.

डॉक्टरने पिशवीकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं.

"बरं," म्हणाला, आणि वाकून त्याच्या पाया पडून गाडीकडे गेला.