दीड फूट वर

मी पाणी मोजणारी पट्टी बोलतेय. बारा फूट उंच, पांढऱ्या रंगावर काळे आकडे, मोठ्या कालव्यावरच्या पुलाच्या खांबाला बोल्टने आवळलेली. पुलावरून रोज हजारो माणसं जायची, पण माझ्याकडे मुद्दाम बघणारं माणूस एकच. त्याचं मला वाईट वाटत नसे. दुखल्याशिवाय दाताची आठवण तरी कोणाला येते?

माझे आकडे रंगवणारा पेंटर भारी चोखंदळ होता. साताचं शेपूट मनासारखं येईना म्हणून त्याने तो आकडा तीनदा पुसला. तेव्हापासून मला जरा गर्वच आहे. मी अंदाज सांगत नाही, आकडा सांगते.

चाळीस वर्षं मला एकाच माणसाने वाचलं. ते निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी त्या कामावर आली. सगळे तिला मोजणीताई म्हणायचे. काम साधं होतं. पाणी दहा फुटांवर गेलं की तिने नियंत्रण कक्षाला कळवायचं. मग तिथून भोंगा वाजायचा आणि कालव्याकाठच्या खालच्या वस्तीने घरं सोडायची. त्याच वस्तीत ताईचे वडील राहायचे.

गेल्या वर्षी मला रंगवायला खाली उतरवलं. परत बसवताना फिटर म्हणाला, "ताई, वाकून वाकून मान मोडत असेल तुमची. जरा वर लावतो."

"लावा की! पुण्य लागेल तुम्हाला," ताई म्हणाली.

त्या भल्या माणसाने दीड फूट वर नवी भोकं पाडली. माझा शून्य तळाला टेकलेला असायचा, तो आता अधांतरी राहिला. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे? उन्हाळ्यात जिथे मी दोन फूट दाखवायची तिथे अर्धा फूट दाखवू लागले. साहेबांना वाटलं, गाळ नीट काढला म्हणून पाणी उतरलं. गाळ काढणाऱ्यांची त्यांनी पाठ थोपटली. ते बिचारे अजून कालव्यात उतरलेही नव्हते.

मग ते चक्रीवादळ आलं. रात्रभर वाऱ्याने शहराला झोडपलं आणि सकाळी नुसता पाऊस उरला. ताई दर अर्ध्या तासाने कठड्यावरून माझ्याकडे बघायची आणि फोनवर आकडा सांगायची. दहा वाजता मी साडेआठ दाखवलं. खरं पाणी दहा फुटांवर होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी ताईचा फोन वाजला. वारा होता म्हणून तिने तो मोठ्या आवाजावर टाकला. वडील होते.

"अगं, गल्लीत पोटरीभर पाणी आलंय. पट्टी किती म्हणते?"

"नऊ, बाबा."

"शक्यच नाही. गल्लीत पाणी शिरतं ते दहाच्या वर. चाळीस वर्षांत एकदाही त्याआधी शिरलं नाही. शेजारची शिलाईवाली गाठोडं बांधून दारात बसलीय. म्हणते, भोंगा झाला की निघते, ऑफिसातले लोक काय झोपलेत थोडेच! बघ नीट. पट्टीचं डोकं कठड्याला टेकलंय ना?"

ताईने पाहिलं. माझं डोकं कठड्याच्या चांगलं हातभर वर आलेलं होतं. तिने नवात दीड फूट मिळवले.

तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला. "साहेब, पट्टीवर नऊ आहे, पण पाणी साडेदहा आहे. पट्टी वर बसलीय."

"ताई, मला एकच आकडा सांगा."

"साडेदहा. माझ्या नावावर लिहा. आधी भोंगा वाजवा!"

भोंगा वाजला. मग शहर जे धावलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. कचऱ्याच्या गाड्या माणसं भरून पुलावरून गेल्या. बसवाल्यांनी हुकमाची वाट पाहिली नाही. बागेतल्या तळ्यातल्या पायडलच्या बोटी कोणीतरी ट्रकवर घालून आणल्या. बदकाच्या आकाराच्या त्या बोटींतून म्हातारी माणसं बाहेर पडली, आणि त्या गडबडीतही एक आजोबा म्हणाले, "तिकीट मागू नका म्हणजे झालं." शाळेचे वर्ग उघडले, बेकरीवाल्याने भट्टी पेटती ठेवली. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळी वस्ती बाहेर आली.

ताईचे वडील शेवटच्या गाडीत होते. पुलावर ते उतरले आणि लेकीचा हात धरून उभे राहिले.

"शिलाईवाली भोंगा ऐकून उठली," ते म्हणाले. "पण कोपऱ्यावरच्या उतारावर तोवर कमरेएवढं पाणी झालं होतं. तिथे पाय सुटला तिचा. मी वरच्या खिडकीतून ओरडत होतो गं."

ती तिसऱ्या दिवशी सापडली, पाणी ओसरल्यावर.

चौकशीचे साहेब पुलावर टेप घेऊन आले. फिटर मान खाली घालून उभा होता. साहेबांनी ताईला विचारलं, "वर्षभर रोज बघत होता. लक्षात कसं आलं नाही?"

"वाचायला सोपं झालं होतं, साहेब," ती म्हणाली. "मी त्यांना पुण्य लागेल म्हणाले होते." मग ती रडली.

आता माझ्या जागी नवी पट्टी आहे, जुन्या भोकांवर बसवलेली. मी खात्याच्या गोदामात भिंतीला टेकून असते. शेजारी मोडकी छत्री आहे, गंजलेली फावडी आहेत. रंग अजून चांगला आहे माझा.

तुमच्या गावात, शहरात माझी एखादी बहीण असेल. पावसाळ्याआधी कोणीतरी खाली उतरा आणि तिचा शून्य तळाला लागतोय का ते हाताने चाचपून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

त्या शिलाईवालीला मी कधी पाहिलं नाही. तिनेही माझा एकही आकडा कधी वाचला नसेल. ती नुसती माझ्या भरवशावर गाठोडं घेऊन चाळीस मिनिटं दारात बसून राहिली.