भुऱ्याचं बारसं

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. पूर्णिमाच्या घरी घोडं धाडलं ते नणंदेनं, आणि ते घोडंही नव्हतं, सहा आठवड्यांचं सशाचं पिल्लू होतं. शुक्रवारी संध्याकाळी भाग्यश्रीताई कसबा पेठेतून रिक्षा करून बिबवेवाडीला आल्या आणि चपला काढायच्या आधीच त्यांनी एक पुठ्ठ्याचा खोका आठ वर्षांच्या पूर्वाच्या हातात ठेवला. "आत्याकडून सरप्राइज," म्हणाल्या. खोक्याला गुलाबी फीत बांधली होती. हवेसाठी भोकं मात्र दोनच होती, आणि तीसुद्धा पेन्सिलीनं पाडलेली.

पूर्णिमाला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला, योगेशला विचारलं होतं, आणि त्यानं हिंजवडीच्या कंपनीत बसल्या बसल्या फोनवर "आण की" म्हणून टाकलं होतं. सकाळी साडेसातच्या बसनं जाणाऱ्या आणि रात्री जेवायला उगवणाऱ्या माणसाला असं म्हणायला काय जातंय? उंटावर बसून शेळ्या हाकता येतात, ससेही हाकता येत असतील.

"दुकानदारानं सगळं समजावून सांगितलंय," भाग्यश्रीताई सोफ्यावर टेकत म्हणाल्या. "गाजर द्यायचं, बिस्किट चालतं, दूध दिलं तर उत्तम. पाणी मात्र अजिबात नाही. पाण्यानं ससे मरतात."

"आणि आईपासून इतक्या लवकर तोडल्यानं काय होतं, ते नाही सांगितलं त्यानं?"

"तू पण ना, पूर्णिमा. तुझ्या वॉर्डात वागतेस तशी घरात वागू नकोस बाई."

आता हा वॉर्ड काय ते सांगायला हवं. पूर्णिमा बारा वर्षं एका सरकारी इस्पितळात नर्स होती, आणि त्यातली दहा वर्षं तिनं नुकत्याच जन्मलेल्या अशक्त बाळांच्या काचेच्या वॉर्डात काढली होती. तिथे तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. चपला बाहेर, अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि एका वेळी एकच माणूस आत. मागे एक पुढारी चार कार्यकर्ते घेऊन नातू बघायला आला, तर तिनं त्याला दारातच सांगितलं होतं, "आजोबा असाल, पण इथं जंतूला आजोबा आणि पुढारी यांतला फरक कळत नाही." तो मुकाट हात धुवून आला होता. वॉर्डातल्या बाळांच्या आयांना पूर्णिमा सिस्टर पाळीवर असली की झोप लागायची.

त्या रात्री तिनं खोक्यातलं गाजर आणि बिस्किट उचलून बाजूला ठेवलं आणि गल्लीच्या टोकाला ज्यांचा प्राण्यांचा दवाखाना होता त्या डॉ. श्रीनिवासांना फोन केला. त्यांनी मोजकंच सांगितलं. सुकं गवत भरपूर, वाटीत पाणी, दूध नाही. एक कोपरा द्या, त्यात लपायला जागा द्या. पहिला आठवडा उचलू नका, तुम्ही जमिनीवर बसा आणि त्याला येऊ द्या. "आणि बारा तास काही खाल्लं नाही तर माझी वाट पाहू नका, सरळ घेऊन या."

शनिवारी पूर्णिमानं मार्केट यार्डाच्या मागच्या गोठ्यातून गवत आणलं. सोफ्यामागचा कोपरा रिकामा केला, पूर्वाची जुनी दुपटी अंथरली आणि एक खोका आडवा करून त्याचं घर केलं. राग होताच. पण राग माणसांवर होता, त्यात त्या ओंजळभर जिवाचा काय दोष? पूर्वाला तिनं वॉर्डाचे सगळे नियम शिकवले. पूर्वा हात धुवून फरशीवर बसली आणि तासभर पुस्तक वाचत राहिली, सशाकडे न बघता. पाचच्या सुमाराला ससा खोक्यातून निघाला, दोनदा मागे पळाला, आणि तिसऱ्या खेपेला त्यानं येऊन तिच्या पायाचा अंगठा हुंगला. पूर्वा हलली नाही. आतल्या खोलीत येऊन मगच ती आईला म्हणाली, "आई, त्याचं नाव भुऱ्या आहे. मी ठेवलंय." त्या रात्री भुऱ्यानं मूठभर गवत खाल्लं आणि कोपरा भरून लेंड्या टाकल्या. पूर्णिमाला बरं वाटलं. ज्याचं पोट चालतं ते बाळ तरतं, हे तिला कुणी नव्यानं सांगायला नको होतं.

रविवारी तिची सकाळची पाळी होती. दुपारी तीनला ती जिना चढून आली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. बारा-तेरा जोड तरी असतील. आतून बायकांचं गाणं ऐकू येत होतं, आणि ते गाणं पाळण्याचं होतं.

बैठकीच्या मधोमध पूर्वाचा लहानपणीचा पाळणा टांगला होता, माळ्यावरून योगेशनं काढून दिलेला. त्याला झेंडूच्या माळा. पाळण्यात भुऱ्या. त्याला कुणीतरी बाहुलीचं झबलं घातलं होतं आणि कपाळाला काजळाची तीट लावली होती. सोसायटीतल्या बायका, भाग्यश्रीताईंच्या भिशीतल्या चौघी आणि दोन फोन, असा सगळा थाट. पूर्णिमा दारात पोचते न पोचते तोच भाग्यश्रीताई पाळण्यात वाकल्या, सशाचा एक कान बोटांत धरला आणि त्यात जोरात "कुर्रर्र" करून म्हणाल्या, "प्रिन्स!" रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. हसण्याचा एकच कल्लोळ झाला.

पूर्वा पाळण्याच्या दोरीला धरून उभी होती. "मी सांगितलं होतं, आई," ती पुटपुटली. "आत्या म्हणाली, आई नाहीये ना घरी."

"किती गुणी आहे बघ," भाग्यश्रीताई म्हणाल्या. "जरासुद्धा हलला नाही. आवडलंय त्याला."

पूर्णिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ससा हलत नव्हता हे खरंच. कान पाठीला चिकटलेले, डोळे ताणलेले, अंग पाळण्याच्या तळाशी चपटं झालेलं. वॉर्डात नव्या नर्सेसना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची: रडणाऱ्या बाळाची काळजी नको, गप्प पडलेल्या बाळाकडे आधी धावा. आणि इथे ते गप्प पडलेलं बाळ सगळ्यांना गुणी वाटत होतं.

पण ती बोलली नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. कुणीतरी तिच्या हातात घुगऱ्यांची वाटी दिली. समोर सोसायटीतल्या बायका, नणंद वयानं आणि मानानं मोठी, नवरा फोन धरून हसतोय, आणि आपण घरची सून. पूर्णिमा उभ्या उभ्या घुगऱ्या चावत राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटची पाहुणी "सुनेचा चेहरा का असा" म्हणून उंबऱ्याबाहेर पडली, तोवर अर्धा तास गेला होता.

त्यानंतर भुऱ्या खोक्यात शिरला तो बाहेर आला नाही. गवताला तोंड लावलं नाही, पाण्याला नाही. सातला पूर्णिमानं गवत नाकाजवळ नेलं तर त्यानं मान फिरवली. कोपऱ्यात नवी लेंडी एकही नव्हती. बारा तासांची वाट तिनं पाहिली नाही. पूर्वाला मागे बसवून, खोका तिच्या मांडीवर देऊन, तिनं स्कूटर दवाखान्याकडे काढली.

डॉ. श्रीनिवासांनी भुऱ्याचं पोट चाचपलं, कपाळाची तीट बोटानं पुसली आणि विचारलं, "हे काय आहे?"

"बारसं झालं त्याचं."

"अस्सं. कुर्रही केलं असेल मग?"

"केलं."

"सशाच्या कानात." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ताई, याला वरून जे उचलतं ते खायलाच उचलतं, एवढंच याला ठाऊक असतं. तो शांत नव्हता, भीतीनं गोठला होता. भीतीनं यांचं आतडं थांबतं, आणि ते थांबलं की फार वेळ मिळत नाही." त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, औषधं दिली, पातळ पेज बिनसुईच्या सिरिंजनं दर तीन तासांनी भरवायला सांगितली. "उद्या दुपारपर्यंत लेंडी दिसली पाहिजे. नाहीतर मी खोटी आशा लावणार नाही."

पूर्वानं हे सगळं ऐकलं. घरी येईपर्यंत तिनं खोक्यावरचे दोन्ही हात काढले नाहीत.

सोमवारी पूर्णिमानं रजा टाकली. पूर्वानं शाळेत जायला नकार दिला आणि तिला कुणी आग्रह केला नाही. योगेशही घरीच राहिला होता, आतल्या खोलीत दार लोटून मिटिंगमध्ये दबक्या आवाजात बोलत होता. सकाळी एकदा तो येऊन म्हणाला, "इतकं होईल असं वाटलं नव्हतं गं. सगळे एन्जॉय करत होते."

"सगळे म्हणजे कोण? ज्याचं बारसं होतं तो करत होता?"

योगेश परत आत गेला. सकाळी सहाला, नऊला पेज पोटात गेली. लेंडी नव्हती. पूर्वा सोफ्यामागे पोटावर पडून खोक्याकडे बघत होती.

अकराला दारावर थाप पडली. पूर्णिमानं दार उघडलं तर भाग्यश्रीताई, आणि मागे भिशीतल्या दोघी नव्या.

"या दोघींचं काल चुकलं," ताई म्हणाल्या. "म्हटलं प्रिन्स बघून जाऊ. हा बघ, चांदीचा खुळखुळा आणलाय." आणि त्यांनी तो वाजवला.

पूर्णिमानं खुळखुळा त्यांच्या हातातून काढून घेतला. मग दाराच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. वॉर्डात उभी राहायची तशी.

"आत येता येणार नाही, ताई."

"म्हणजे?"

"कालपासून त्यानं काही खाल्लेलं नाही. वाचेल की नाही सांगता येत नाही. तुमच्या बारशानं झालंय हे."

भाग्यश्रीताईंचा चेहरा उतरला, पण मैत्रिणी मागे होत्या. "अगं, प्राणी आहे तो. हौसेनं केलं मी. आणि मी परकी आहे का? आत्या आहे मी या घरातली. दारातून परत पाठवतेस?"

"हो."

"पूर्वाच्या बारशाला नाही गं अडवलंस कधी. हॉल भरून माणसं होती."

"साठ," पूर्णिमा म्हणाली. "साठ माणसं होती. बारा दिवसांचं बाळ, दीड महिना आधी जन्मलेलं, पावणेदोन किलोचं. मी म्हटलं होतं, महिनाभर थांबूया. तुम्ही म्हणालात, बाराव्याला नाही केलं तर लोक काय म्हणतील. साठ जणांनी तिचे पापे घेतले, ताई. तिसऱ्या दिवशी ती माझ्याच वॉर्डात काचेत होती, नाकात नळी घालून. नऊ दिवस. लोक तेव्हा काय म्हणाले ते मला आठवत नाही, कारण लोक आलेच नव्हते."

आतल्या खोलीचं दार उघडून योगेश उभा होता. कानातला हेडफोन त्यानं काढून हातात घेतला होता. "ही बारशानंच आजारी पडली असं कुणी म्हटलं नव्हतं, पूर्णिमा," तो म्हणाला.

"मी म्हटलं नव्हतं. कळत सगळं होतं, मी नर्स होते. आठ वर्षं मूग गिळून बसले, आणि काल परत बसले." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आता नाही बसणार. हे माझं घर आहे. यात ससा असो की पोर, त्याला भेटायचं तर तो बरा झाल्यावर, हात धुवून, एकेकट्यानं. नाव हवं असेल तर त्याला नाव आहे. भुऱ्या. माझ्या मुलीनं ठेवलंय, तिला तुम्ही कुणी विचारलं नाहीत."

मैत्रिणी दोन पायऱ्या खाली उतरल्या होत्या. भाग्यश्रीताईंनी काही बोलायला तोंड उघडलं, मग भावाकडे पाहिलं. योगेश म्हणाला, "ताई, आज नको. मी संध्याकाळी फोन करतो." एवढंच तो बोलला, पण आठ वर्षांत पहिल्यांदा बायकोच्या बाजूनं बोलला. ताई डोळ्यांना पदर लावत खाली उतरल्या. पूर्णिमाला त्यांची दया आली नाही. येईल कदाचित चार दिवसांनी, आज नव्हती येत.

तिनं दार लावलं आणि वळली. पूर्वा सोफ्याजवळ उभी होती, ओठांवर बोट ठेवून. तिनं दुसऱ्या हाताची तीन बोटं वर केली.

"तीन," ती कुजबुजली. "मिरीएवढ्या आहेत. पण तीन आहेत. आणि त्यानं गवताची एक काडी ओढून आत नेलीय."

पूर्णिमा गुडघ्यांवर बसली आणि वाकून पाहिलं. तीनच होत्या. खोक्याच्या अंधारात कुरुकुरु आवाज येत होता, अगदी बारीक. ती तशीच फरशीवर बसून राहिली. योगेशही येऊन थोड्या अंतरावर बसला, आणि कुणी सांगितलं नसताना त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं.

पूर्वा आईला खेटून बसली. बराच वेळ ती त्या आवाजाकडे कान लावून होती. मग हळूच, खोक्यातल्या सशालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू, तिनं विचारलं, "आई, माझ्या वेळेला तू दारात का नाही उभी राहिलीस?"

पूर्णिमानं तिला आणखी जवळ ओढलं.

"तेव्हा येत नव्हतं मला," ती म्हणाली.

पूर्वानं मान डोलावली. चांदीचा खुळखुळा अजून पूर्णिमाच्या मुठीतच होता. तिनं तो वाजणार नाही अशा बेतानं दुपट्यात गुंडाळला आणि दूर सरकवून ठेवला.