चकचकीत बाजूची हळद

"बाबा, हा डब्बा फेकून काऊन नाही देत? कोनतीच फाईल ओळखत नाही हा!"

माझ्या बटणांपाशी नाक आणून असे कुरकुरली ती हर्षा, उमरावची मुलगी.

मित्रांनो, तो डब्बा म्हणजे मीच. उमरावच्या जीपमधला जुना सीडी प्लेअर. कोहमाऱ्याच्या चौकात एका मिस्त्रीने मला इथे बसवले, त्याला पंधरा वर्षे झाली. तेव्हा धाब्यावरची माणसे चहा हातात धरून मला ऐकायला यायची. मी साध्या गाण्यांची सीडी वाजवतो, एमपीथ्रीचीही वाजवतो. एका तबकडीवर दीडशे गाणी! पेनड्राइव्ह खोचायला मात्र मला जागा नाही, ब्लूटूथ आमच्या घराण्यात नाही. मग माझी पत उतरली. कुणी माझ्या फटीत देवाचा फोटोही अडकवून ठेवला. चालायचेच.

रोवण्याच्या, म्हणजे धानाची रोपे लावायच्या दिवसांत तर माझी गरजच नसे. मागे रोवण्याला निघालेल्या बारा बाया, आणि पुढच्या सीटवर सुमित्राबाई, उमरावची बायको. ती गाण्याची ओळ उचलायची, बाकीच्या झेलायच्या. अर्जुनी मोरगावपासून धानाच्या बांधीपर्यंत मी गुपचूप ऐकत बसायचो. खरे सांगतो, हेवा वाटायचा.

यंदा तिच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. "येईल जी आवाज, होईल बरं," सगळे म्हणत. रोवणा सुरू झाला तरी जीप मुकीच. तिच्यासमोर गायला कुणाची जीभ उचलेना, आणि का उचलत नाही, तेही कुणी बोलेना.

मागच्या वर्षी हर्षाने घरी बसवून आईची गाणी फोनमध्ये भरून घेतली होती. पण इंजिनापुढे फोनचे काय चालणार? मला चार स्पीकर आहेत. म्हणून तिने ती गाणी सीडीवर उतरवली. मी वाचायला गेलो, तर फोनच्या फाईली वेगळ्याच जातीच्या. तिने त्यांच्या नावापुढे एमपीथ्री लिहून पाहिले. मित्रांनो, पोत्यावर जवसाची चिठ्ठी लावली म्हणून आतले धान बदलत नाही. मी 'नो फाईल' दाखवले आणि ती सुरुवातीची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिने फाईली खरोखर एमपीथ्रीत बदलून नवी सीडी आणली. पण आमच्याकडे नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरत नाहीत. उमरावने हात जोडून सीडीला हळदीकुंकू लावले, आणि तेही चकचकीत बाजूला! मी वाचतो ती बाजू तीच. मी घरघरलो, धडपडलो, आणि 'एरर' दाखवून तबकडी बाहेर ढकलली.

"आता मात्र काढतोच ह्याले," उमराव म्हणाला. माझे दिवे लटपटले.

मागे बसलेल्या बायांतली धुरपता हसली. "त्याले काय म्हनता भाऊ? आपली हळद पाहा ना आधी! सीडीचं लगन लावून राहिले का?"

सुमित्राबाईने तबकडी उचलली. पदराचे मऊ टोक ओले करून तिने ती पुसली, गोल गोल नाही, मधून काठाकडे सरळ. मग तशीच कोरड्या टोकाने. मित्रांनो, अशीच पुसा. तबकडी काठाला धरा. आणि जुन्या वस्तूला नाव ठेवण्याआधी तिला काय समजते, ते एकदा विचारा.

मग मी गायलो! उभ्या जीपमधून सुमित्राबाईचा आवाज असा निघाला की रस्त्यावरची सायकल थांबली. पंधरा वर्षांत असे गाणे माझ्या वाट्याला आले नव्हते. घरी एकटीच गातानाही तिने सवयीने प्रत्येक ओळीनंतर जागा सोडली होती, बायांनी झेलावे म्हणून.

ती जागा आली. बाया तिच्याकडे पाहत राहिल्या. पुन्हा आली, पुन्हा गेली.

सुमित्राबाईने माझे बटण दाबून मला थांबवले. मागे वळली आणि होता नव्हता तेवढा श्वास लावून म्हणाली,

"माहा आवाज आता वापस नाही येत, बायांनो. ह्याच्यात हाये तो. झेला ना!"