सव्वा वर्षाचं माप

मी महापौरांचा लाल झगा बोलतोय. पैठणगेटच्या पुंजाराम शिंप्यानं मला शिवलं आणि शिवणीत चार बोटं जादा कापड सोडलं. माणसं बदलतील, झगा एकच राहील, एवढं त्याला तेव्हाच कळलं होतं.

काम माझं सोपं. पाहुणे आले की अंगावर चढायचं, फोटो निघाला की कपाटात जायचं. कारभार आयुक्त बघतात, महापौराचं नाव पक्ष ठरवतो. सुरुवातीला वाईट वाटायचं, आता काही वाटत नाही.

दुष्काळाच्या साली पक्षानं महापौरपदाची अडीच वर्षं दोघांत वाटली. आधी सव्वा वर्ष साहेबराव, मग रत्नमालाताई. ताईंचा वॉर्ड शहराच्या टोकाला, नव्या वसाहतींत. टँकर यायचा दहा दिवसांनी. महापौर झाले की पहिली पाइपलाइन इकडंच, असं त्या घरोघर सांगून बसल्या होत्या.

साहेबरावांनी ठरल्याप्रमाणं राजीनामा दिला. शिपाई कडुबा मला पुंजारामकडं घेऊन गेला. ताई मापाला आल्या.

"लई ढगळ होतंय ताई. खांद्यात आवळावं लागंल."

"आवळा. आमच्या सासऱ्यानं जन्मभर खांद्यावर घोंगडी घेऊन मेंढरं राखली. आज पायजे व्हते ते."

त्या बराच वेळ आरशासमोरून हलल्या नाहीत.

निवडीच्या सकाळी मुंबईहून पक्षाचं बंद पाकीट आलं. आत नाव नानासाहेबांचं. दुसऱ्या पक्षातून पाच नगरसेवक घेऊन ते नुकतेच आले होते, आणि डमी म्हणून त्यांचाही अर्ज भरलेला होता. ताईंना अर्ज मागं घ्यायला सांगितलं. त्यांनी सही केली.

विरोधकांचाही एक उमेदवार उभा असल्यानं हात वर करून मतदान झालं. नानासाहेबांच्या नावाला ताईंचा हात अर्धाच वर गेला.

"ताई, नीट वर करा, मोजायचंय," कारकून म्हणाला. त्यांनी केला.

मग मला नानासाहेबांच्या अंगावर चढवलं. ताईंच्या मापाचा मी, खांद्यामागं उसवलो. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. फोटोग्राफरला मात्र दिसलं.

"ताई, तुम्ही मागं उभ्या ऱ्हा. तिथं जरा हात ठेवा, फाटलेलं दिसतंय."

तो फोटो आजही महापौरांच्या दालनात आहे. येणारे-जाणारे म्हणतात, बघा, ताईंनी किती मोठ्या मनानं पाठिंबा दिला. मी तिथंच कपाटात असतो. तुम्ही कधी आलात, तर एवढं लक्षात ठेवा: तो हात पाठिंब्याचा नाही. ताई माझी शिवण धरून उभ्या आहेत.