तिसरी आणि सहावी तार

मित्रांनो, इंटरनेटच्या वायरीच्या टोकाला छोटा पारदर्शक प्लग असतो ना, तो दाबून बसवणारी एक म्हातारी पक्कड मी. धंद्यातले लोक मला क्रिम्पर म्हणतात. आपली गोष्ट सांगताना लोक छाती फुगवतात, मला मात्र मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या सोबत एक छापील तक्ता होता. वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ घातलेल्या, अशा चार जोड्या. कोणत्या रंगाची तार प्लगच्या कितव्या घरात जायची, ते तक्त्यावर होतं. वायर एकजण बनवतो, यंत्र दुसरा, जोडणारा तिसराच. तिघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं, म्हणून सगळ्यांनी मिळून असं ठरवून ठेवावं लागतं.

सांडोरच्या प्लासिडने मला विकत घेतलं. केळीच्या वाडीतून सवड काढून तो घरोघरी इंटरनेट जोडून द्यायचा. हात सफाईदार, बोलणं गोड. फक्त तक्ता त्याला पटेना. त्यात हिरव्या जोडीची एक तार तिसऱ्या घरात, दुसरी सहाव्या, आणि मध्ये निळी जोडी.

"नवरा-बायकोला देवळात लांब लांब बसवायचं? हा कुठला न्याय?" असं म्हणून तो हसला आणि सगळ्या जोड्या शेजारी शेजारी बसवू लागला. दोन्ही टोकांना तोच क्रम ठेवला की झालं, असं त्याचं म्हणणं. तपासायच्या डबीवर आठही दिवे लागायचे. "काय दाबते माझी पक्कड!" तो म्हणायचा, आणि मी फुशारून जायचे. आखूड वायरींना ते खपूनही गेलं.

मग मनवेलपाड्याच्या हेमांगीने बोलावलं. तिला घरबसल्या नोकरी लागली होती. इंटरनेटवरून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सोडवायच्या. पहिले तीन महिने पारखून मग कायम करणार होते. प्लासिडने इमारतीतल्या इंटरनेटच्या पेटीपासून चौथ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीपर्यंत लांबलचक वायर ओढली, आणि मी दोन्ही टोकं करकचून दाबली.

आठवड्याभरात तिचा फोन आला. "अंकल, माझं बोलणं समोरच्याला अर्धंच जातंय हो. साहेबांनी दोनदा टोकलं."

"वायर एक नंबर आहे बाय. तुझा लॅपटॉप बघ."

नेटवर्कचं काम मजल्यामजल्यांनी चालतं. सगळ्यात खाली वायर आणि प्लग, त्यावर पत्ते शोधणारे, त्यावर निरोप पोचला का ते पाहणारे, आणि अगदी वर हेमांगी वापरायची ते प्रोग्राम. वरचा मजला खालच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतो. प्लासिडने वरून सुरुवात केली. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, मग तिला दुसरा लॅपटॉप आणायला लावला. तळाशी मी दाबलेला प्लग होता, तिथे त्याने पाहिलंच नाही. तीन महिने भरले आणि हेमांगीला नोकरीवरून काढलं.

महिनाभराने, रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून त्याची भाची प्रिन्सी जेवायला आली. ती चंदनसारच्या एका ऑफिसात नेटवर्क सांभाळते. प्लासिड एक वायर तयार करत होता. तिने प्लग उजेडात धरला.

"मामा, हे काय करून ठेवलंस? तिसऱ्या आणि सहाव्या घरातून मशीन एकच बोलणं चालवतं. तिथे एकाच पिळातल्या दोन तारा पाहिजेत. पिळामुळे बाजूच्या जोडीची गडबड आत शिरत नाही. तू दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक घातलीस. वायर लांब असली की सगळा गोंधळ!"

"पण दिवे लागतात ना?"

"दिवा एवढंच सांगतो की तार तुटलेली नाही."

प्लासिडने हातातली वायर खाली ठेवली. "हेमांगी," एवढंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या दारात उभा राहिला. जुनी टोकं छाटून त्याने रंग छापील तक्त्याप्रमाणे लावले आणि मला दाबायला लावलं. तिने लॅपटॉपवरून बोलून पाहिलं, आवाज स्वच्छ जात होता. "चूक माझी होती, बाय. तुझा लॅपटॉप चांगला होता. तुझ्या साहेबांना मी चिठ्ठी लिहून देतो."

"ती जागा भरली, अंकल. मला वाटायला लागलं होतं, मलाच नीट बोलता येत नाही."

मित्रांनो, तेव्हा मला गंजून मोडावंसं वाटलं. ती चुकीची टोकं माझ्याच दातांनी दाबली होती, आणि वर मी शाबासकी घेतली होती.

मला तेल द्या, जपा, असं मी मागत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आपल्या सोयीसाठी बदलू नका. आणि कोणी बिघाड सांगायला आलं, तर त्याला बोल लावण्याआधी आपण जोडलेलं टोक तपासा. अशी चुकीची टोकं बसवलेल्या घरांची प्लासिडने यादी केली आहे, अजून एकेचाळीस घरं बाकी आहेत. प्रत्येक दारात त्याला "चूक माझी होती" असं म्हणायचं आहे, आणि त्याच्या पिशवीत बसून मला ते दर वेळी ऐकायचं आहे.