दाढेवरचा दाणा

मित्रांनो, मला गाल नाहीत, ओठ नाहीत, मिशी तर नाहीच नाही; नुसता जबडा आहे, तोही पितळेचा. माझे वरचा आणि खालचा असे दोन भाग एका बिजागरीने जोडलेले आहेत आणि ते माणसाच्या तोंडासारखे उघडतात, मिटतात. कवळ्या आणि दातांवरच्या कॅपा बनवणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये मी कित्येक वर्षे चाकरी करतो आहे. माझे खरे नाव आर्टिक्युलेटर. ते उच्चारताना ज्याची त्याची बोबडी वळते, म्हणून इथे मला सगळे बोळकोबा म्हणतात. स्वतःचा एकही दात नसलेल्याला दुसरे काय म्हणणार?

तुम्हाला वाटेल, पितळेला कसली आली आहे भीती! पण मी जन्माचा भित्रा आहे. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझ्याच बरोबरीचे दोन जबडे जरा वाकडे निघाले म्हणून वितळायला परत टाकले होते. मी शेजारच्या फळीवरून ते सगळे पाहिले. तेव्हापासून भट्टी म्हटले की माझी पाचावर धारण बसते.

आमची लॅब म्हणजे जिन्याच्या टोकाच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत प्लास्टरचे पिंप आणि पॉलिशची मोटर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक लांब टेबल आणि कोपऱ्यात कॅपा भाजायची पोर्सेलिनची भट्टी. एका भावाने आणि त्याच्या बहिणीने मिळून ही लॅब काढली. बहीण मेणात दात कोरायची, भाऊ त्यावरून धातूची कॅप ओतायचा आणि पॉलिश करायचा. पुढे भाऊ गेला. आता त्याची मुलगी लॅब चालवते. ती बहीण त्या मुलीची आत्या, आणि हळूहळू ती सगळ्यांचीच आत्या झाली; आम्हाला कामे देणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईसुद्धा तिला आत्याच म्हणतात. भाचीच्या डोळ्यांवर चष्मा चढला, केसांत पांढरी बट आली, तरी आत्या तिला चिंगीच म्हणते. मग मी तरी तिला मालकीणबाई कशाला म्हणू?

डॉक्टरीणबाई पेशंटच्या दातांचे माप, म्हणजे मऊ लगद्यात उठवलेला ठसा, घेऊन आमच्याकडे पाठवतात. त्या मापात प्लास्टर ओतले की दातांची हुबेहूब नक्कल तयार होते. तिला मॉडेल म्हणतात. वरचे मॉडेल माझ्या वरच्या जबड्यात बसवायचे, खालचे खालच्या. मग तेवढ्यापुरता मी तो माणूस होतो. झोपेत दात खाणारा हिशेबनीस मी झालो आहे, बाटल्यांची बुचे दातांनी उघडणारा पहिलवानही झालो आहे. त्या पहिलवानाचे दात पाहून आत्या बराच वेळ त्याला शिव्या देत होती.

कॅप तयार झाली की आत्या पंखा बंद करायला सांगायची. घामाच्या धारा लागलेल्या असोत, पंखा बंद म्हणजे बंद. मग मला कानाशी धरून ती हलकेच मिटायची. सगळे दात एकदम टेकले तर एकच आवाज येतो, टक. एखादी कॅप केसभर उंच असली तर आधी ती आपटते, मग जबडा डुलतो आणि दुसरा आवाज येतो. दोन आवाज आले की कॅप पुन्हा घासायला. एकच आला की आत्या म्हणायची, “बसला गं बाई,” आणि पंखा सुरू व्हायचा. आमच्याकडून गेलेली कॅप तोंडात बसवताना घासावी लागत नाही, असे डॉक्टरीणबाई चारचौघांत सांगत. तेव्हा माझी छाती फुगायची. छाती नाही म्हणा, पण फुगायची.

मग काळ बदलला. दगडासारख्या कठीण पांढऱ्या मालाच्या कॅपा निघाल्या. त्या मेणात कोरून ओतता येत नाहीत. त्या मालाच्या चकतीतून मशीननेच कोराव्या लागतात, आणि त्या मशीनला मिलिंग मशीन म्हणतात. आमच्याकडे ते नव्हते. म्हणून ती कामे परगावच्या मोठ्या सेंटरला जायची आणि त्यांना सवड मिळेल तेव्हा परत यायची. डॉक्टरीणबाईंचे फोन वाढले. पेशंट ताटकळतात, दुसऱ्या लॅबा पटापट काम देतात, असे त्या गोड शब्दांतच सांगायच्या. फोन ठेवल्यावर चिंगीचा चेहरा उतरलेला असायचा.

त्याच सुमारास मला एक गोष्ट कळली. ती आणखी कुणालाच माहीत नाही अशी माझी समजूत होती. आत्याचा उजवा हात कापायला लागला होता. मी तिच्या डाव्या हातात असायचो आणि उजव्या हातातली मेणाची सुरी माझ्यातल्या मॉडेलवर टेकायची. सुरी टेकली की तिची थरथर माझ्या बिजागरीपर्यंत यायची. आत्या कोपर टेबलावर दाबून धरायची, श्वास रोखायची, ओठ दातांत धरायची. तरी मेणाचा टवका उडायचाच. मग ती मेणाला नावे ठेवायची. हल्लीचे मेणच भुसभुशीत येते म्हणे! मी मूग गिळून बसलो. दुसरे करणार काय? पण तिच्या हाताला लागलेले भय आता मलाही लागले होते.

एके दिवशी चिंगीने विषय काढला. आपणच मशीन घेऊ या का? आत्याने एकदम नकारघंटा सुरू केली. धूळ किती होते, बिघडले तर दुरुस्तीला कुणाच्या दारात बसायचे, एवढ्याशा खोलीत ते धूड ठेवायचे कुठे? चिंगी तिच्याशी वाद घालत नव्हती. तिलाही धड हो म्हणवत नव्हते. मशीन घेतले आणि कामे आली नाहीत तर बापाने उभी केलेली लॅब कर्जात जाणार. नाही घेतले तर डॉक्टरीणबाई हातच्या जाणार, आणि मग लॅब आपोआपच मिटणार. ती टेबलाशी बसून नुसती नखे खायची. स्वतः दातांच्या धंद्यात असून नखे खाते, म्हणून एरवी आत्या तिला टोमणा मारायची. त्या दिवसांत तिने तोही मारला नाही.

शेवटी मशीनवाला म्हणाला की थोडे दिवस वापरून बघा, पटले तरच घ्या. चार माणसांनी ते धूड जिना चढवून आणले. त्याला जागा करायला आत्याचे टेबल खिडकीपासून ओढून भिंतीशी लावले, आणि मला उचलून उंच फळीवर ठेवले, रिकाम्या डब्यांच्या रांगेत. फळीच्या बरोबर खाली भट्टी होती.

मित्रांनो, त्या फळीवर मी जे दिवस काढले ते वैऱ्यावरही येऊ नयेत. मशीन सुरू झाले की डास कानाशी गुणगुणावा तसा आवाज व्हायचा, फक्त तो डास म्हशीएवढा होता. डब्यांची झाकणे थरथरायची आणि मी फळीच्या कडेकडे सरकत जायचो. मॉडेल आता माझ्याकडे येतच नव्हते. चिंगी ते कॅमेऱ्यासमोर ठेवायची, पडद्यावर दात उमटायचे, कुठे टेकतात ते रंगांत दिसायचे, आणि मशीन कॅप कोरून द्यायचे. त्यामुळे पंखाही दिवसभर गरगरत राहिला. आत्याकडे फक्त प्लास्टर ओतायचे काम उरले. ती रुसली होती. मापात प्लास्टर ओतायचे, घट्ट झाले की मॉडेल काढून चिंगीच्या टेबलावर आदळायचे, आणि आपल्या भिंतीकडे तोंड करून बसायचे, असा तिचा खाक्या झाला.

सुरुवातीच्या कॅपा झकास बसल्या. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. चिंगीने मशीनवाल्याला शनिवारी या, उत्तर देते, असे सांगून टाकले.

आणि मग शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंची कॅप परत आली. केसभर उंच होती. तोंड मिटले की ती एकटीच आपटायची. पेशंटचा अर्धा जबडा ठणकत होता. चिंगीने त्याच मॉडेलवरून दुसरी कॅप काढली. तीही तशीच उंच. मशीनवाला फोनवर म्हणाला की मशीनमध्ये काडीचाही दोष नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चूक एकदा समजू शकते. आता मी त्या बाईंना काय सांगू?” हीच कॅप अशी निघाली, तर उद्याच्या कॅपांचा काय भरवसा? आणि उत्तर तर उद्याच द्यायचे होते.

तिने मशीन बंद केले. आत्या उठली, स्टुलावर चढली आणि फळीवरून मला खाली काढले. खाली भट्टी तापलेली होती आणि माझ्याभोवतीची बोटे लटलट कापत होती. माझा जीव कुठे होता ते विचारू नका.

तिने ते मॉडेल थोड्या प्लास्टरने माझ्यात चिकटवून बसवले, ते प्लास्टर धरेपर्यंत वाट पाहिली आणि पंखा बंद केला. कॅप बाजूला काढून तिने मला नुसतेच मिटले. टक. आणि लगेच पुन्हा टक.

कॅपच नव्हती, तरी दोन आवाज! म्हणजे दोष कॅपमध्ये नव्हता. आत्याने खालच्या दातांवरून अंगठ्याचे नख फिरवले, आणि शेवटच्या दाढेवर ते अडकले. तिथे तिळाएवढा प्लास्टरचा दाणा होता. मापात हवेचा बुडबुडा राहिला की मॉडेलवर असा दाणा उगवतो. त्या दाण्यामुळे मॉडेलचे दात नीट मिटतच नव्हते, कॅमेऱ्याने त्यांना तसेच अर्धवट मिटलेले पाहिले, आणि मशीनने इमानेइतबारे तेवढी उंच कॅप कोरली.

आत्या मटकन खाली बसली. इतकी वर्षे मॉडेल हातात आले की तिचे नख आपसूक फिरायचे आणि असा दाणा उडवून टाकायचे. ही कामाची पायरी आहे हे तिलाही कधी जाणवले नव्हते, मग चिंगीला ते कोण सांगणार? आणि या खेपेला रुसव्यात ते नख फिरलेच नव्हते.

“थांब, काढते मी,” असे म्हणून आत्याने सुरी घेतली. दाणा अगदी दाढेच्या टोकाला चिकटलेला होता. सुरी जरा चुकली असती तर दाढच उडाली असती आणि त्या बाईंना पुन्हा माप द्यायला यावे लागले असते. सुरी टेकली आणि निसटली. पुन्हा टेकली, पुन्हा निसटली. चिंगी शेजारी उभी राहून पाहत होती. आता लपवायला मेणसुद्धा नव्हते. मला वाटले, या क्षणी पितळ वितळून गेले तर बरे.

“माझा हात कापतो गं चिंगे,” आत्या म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“तू कप दोन्ही हातांनी धरायला लागलीस तेव्हापासून.”

आत्याने विचारले, “म्हणून मशीन आणलंस? मला घरी बसवायला?”

“घरी बसवायला?” चिंगी खाली तिच्या शेजारी बसली. “आत्या, तू कोरायचं थांबवलंस की मी एकटी पडणार, या भीतीने झोप लागत नाही मला. बाबा गेले तेव्हा तू होतीस. तू गेलीस तर या खोलीत मला कोण सांगणार कुठला दात चुकला ते? मशीन कोरेल. तू नुसती बसून राहिलीस तरी चालेल, पण इथे बस.”

“मग बोलायचं नाही का आधी?”

“तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले.”

“आणि मी तुला काळजी नको म्हणून,” आत्या म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. चिंगीने तिच्या सुरी धरलेल्या हातावर आपला हात ठेवला. मला त्या दोघींचेही कापणे जाणवत होते, कारण चिंगीही रडत होती. दोघींनी मिळून सुरी टेकवली. दाणा उडाला, दाढ शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी मशीनवाला आला तेव्हा त्याला आत्याने होकार दिला. आधी त्याला ते धूड भिंतीकडे सरकवायला लावले आणि खिडकीची जागा परत घेतली, हे सांगायला नकोच. शाळेतल्या बाईंची तिसरी कॅप पहिल्याच झटक्यात बसली.

आता आत्या सुरीला हात लावत नाही. ती मॉडेलवरून नख फिरवते, मला मिटते आणि चिंगीलाही माझा आवाज ऐकायला बसवते. चिंगीला तो अजून नीट ओळखता येत नाही. कर्जही फिटायचे आहे. आणि आत्याला जिना चढायला उशीर झाला की माझे धाबे दणाणते, कारण एक दिवस ती येणार नाही हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझी थोडी काळजी घ्या, बिजागरीला तेल द्या, मला डब्यांच्या रांगेत टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्याही घरात कुणाचा तरी हात कापू लागला असेल. सुईत दोरा ओवायची वेळ आली की त्यांना नेमके दुसरे काम आठवत असेल, सही करायची म्हटले की चष्मा सापडत नसेल. तुम्ही ते पाहिले असेल, आणि त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प राहिला असाल. तेही तुमच्यासाठीच गप्प असतील. मलाही केव्हाच कळले होते, पण नुसत्या जबड्याला विचारता येत नाही. तुम्हाला येते. आज घरी गेलात की त्यांचा हात हातात घ्या आणि विचारा.