मास्तरांनी शिवलेला अँटेना

आमच्या घरात एक बिनडोकी बाई आहे. कुणी गैरसमज करून घेऊ नये, ती कापडाची आहे. खाली चाकं, मध्ये लोखंडी दांडा, वर धड. माझे सासरे टेलर. गल्ली त्यांना मास्तर म्हणते, आम्ही बाबा म्हणतो. दुकान आता माझा नवरा सांभाळतो, पण हा पुतळा मात्र बाबांनी स्वतःबरोबर घरी आणला. का, तर तिला परक्या हातांची सवय नाही म्हणे. दुकान पोटच्या मुलाच्या हातात दिलंय, हे सांगायला नको.

तर या बाईला गेल्या आठवड्यात पहिल्यांदा डोकं मिळालं. कापडाच्या ताग्याच्या आत असते ना, तसली फळी तिच्या मानेवर उभी. फळीवर तांब्याच्या तारेचे फाकलेले चिमटे, एकाखाली एक. मागे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर स्वयंपाकघरातून गायब झालेली माझी फॉइल. तारांच्या मधून निघालेली काळी केबल तिच्या पाठीवर वेणीसारखी सोडलेली आणि थेट टीव्हीच्या बुडात खोचलेली. बाबांनी तिला खिडकीत उभं केलं आणि तोंड टेकडीवरच्या टॉवरकडे वळवलं. तोंड नव्हतंच, पण वळवलं.

समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी कपडे वाळत घालता घालता विचारलं, "मास्तर, कुणाचं माप आहे हो हे?"

"टीव्हीचं," बाबा म्हणाले.

या सगळ्याला कारण माझी नणंद. लहानपणी बारीक होती आणि जिभेनं टोचायची, म्हणून बाबांनी नाव ठेवलं टाचणी. ती शेजारच्या शहरात एका छोट्याशा टीव्ही वाहिनीत काम करते. आजवर कॅमेऱ्यामागे होती. आता शुक्रवारी संध्याकाळच्या बातम्यांत ती हवामान सांगणार होती. पहिल्यांदा. वाहिनीवाल्यांनी घालायला तयार कोट दिला, तर हिनं तिथे ठणकावलं, "माझे बाबा शिवतील." हे तिनं बाबांना सांगितलं नाही. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगितलं, आणि आईंनी ते पदरचा मीठमसाला लावून बाबांपर्यंत पोचवलं.

बाबा तडक उठले, मशीनला तेल घातलं.

अडचण एकच होती. तिला यायला सवड नव्हती. मापं तिनं फोनवर सांगितली, कोट पार्सलनं गेला. बाबांनी आयुष्यात ट्रायल न घेता कोट दिला नव्हता. रात्री जेवताना मध्येच थांबायचे आणि हवेत बोटानं खांद्याचा उतार काढायचे. "गळ्याशी फुगणार नाही ना गं?" हे ते आईंना विचारायचे, भाजीला विचारल्यासारखं, उत्तराची अपेक्षा न ठेवता. म्हणून तो कोट त्यांना तिच्या अंगावर बघायचाच होता. आणि त्या वाहिनीची गंमत अशी, की ती केबलवर नाही, कुठल्या पॅकेजात नाही. टेकडीवरच्या टॉवरवरून हवेतून फुकट येते. ज्याला पकडता येईल त्यानं पकडावी.

"बाबा, दुसऱ्या दिवशी नेटवर टाकतात ते. मोबाईलवर दाखवतो," नवरा म्हणाला.

"सगळ्यांनी बघून झालेला कोट मी शिळा बघू? आणि मोबाईलवर? बोटाएवढी पोरगी, तिची कॉलर केवढी?"

"मग बाजारातून अँटेना आणतो. तयार मिळतो."

"रेडिमेड?" बाबा म्हणाले.

आमच्या घरात हा शब्द कुणी बाळासमोरही काढत नाही. नवऱ्यानं मान खाली घातली आणि निमूटपणे तार आणायला गेला.

मग बाबांनी अँटेना शिवायला घेतला. शिवायलाच म्हणते, कारण दुसरं काही म्हणता येणार नाही. मोबाईलवर कुणीतरी बनवून दाखवला होता, त्यातली मापं त्यांनी उतरवून घेतली. खाकी कागदावर खडूनं आखणी केली, कागद कापून पॅटर्न केला आणि खिळ्याला टांगला. टेप गळ्यात, टाचण्या तोंडात. पॅटर्न तारेवर ठेवला, खूण केली, कापली, वाकवली. आई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अस्तर घालणार का?" त्यांनी विचारलं.

"तू तुझं काम बघ."

"नाही, थंडीत तारेला बाधेल म्हणून म्हटलं."

माझी मुलगी जमिनीवर लोळत हे सारं बघत होती. ती अजून रांगत नाही, गडगडते. म्हणून बाबा तिला बॉबिन म्हणतात. खोलीच्या एका टोकाला ठेवावी तर दुसऱ्या टोकाला सापडते, बहुतेक वेळा दोऱ्यासकट.

बुधवारी अँटेना तयार झाला. टीव्हीवर शोधाचं बटण दाबलं. पट्टी सरकत गेली आणि वाहिन्या सापडत गेल्या! बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. एकीवर एक माणूस चाकू विकत होता. एकीवर दिवसभर मासळीचे भाव. एकीवर कुठल्याशा भाषेत दोन म्हातारे भांडत होते. आईंना ती फार आवडली. सगळं कसं स्वच्छ, लख्ख. फक्त टाचणीची वाहिनी नाही.

बाईला डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. दांड्याचा स्क्रू सैल करून उंच केली, बुटकी केली. खिडकीतून दारात, दारातून पलंगावर. पूर्वीच्या टीव्हीत म्हणे मुंग्या यायच्या, पण त्या मुंग्यांतूनही माणूस ओळखू यायचा. या नव्या प्रकाराला मधलं काही ठाऊक नाही. आलं तर आरशासारखं, नाहीतर काळं ठिक्कर. फार तर एकदा टाचणीच्या वाहिनीचं नाव आलं, चार चौकोनी तुकडे चमकले आणि गेले.

गुरुवारी तिचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर टाकला, कारण फोन कानाला लावला की दोन्ही हात मोकळे राहत नाहीत.

"काय मास्तर, येते का मी?"

"येशील. मासळीचे भाव आलेत, त्यांच्यामागे तूच."

"बाबा, नाही आलं तर राहू दे हो. परवा पाठवते ना मी."

"तू तुझा पाऊस बघ. कोट घालून बघितलास?"

पलीकडे नुसतं खाकरणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "घातला ना. झकास." आणि घाईघाईनं फोन ठेवला.

"झकास म्हणाली," आई म्हणाल्या.

"ती कधीपासून एका शब्दात बोलायला लागली?" बाबा म्हणाले. मग ते बाईच्या समोर स्टूल घेऊन बसले, अगदी ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकापुढे बसतात तसे. कुठे ओढतंय, कुठे सुटतंय, बघत राहिले. पण तार काही सांगेना.

शुक्रवारी दुपारी बॉबिनला झोपवता झोपवता माझाच डोळा लागला. जागी झाले तर ती पलंगाखाली, आणि तोंडात खाकी कागद. बाबांचा पॅटर्न! खिळ्यावरून पडला असणार. मी तो झटकन ओढून काढला. या घरात पॅटर्न चघळणं म्हणजे देवळात शिट्टी मारणं. कोपरा ओला झाला होता, पण आकार शाबूत होता. हळूच खिळ्याला लावून टाकावा, म्हणून मी बाईपाशी गेले आणि कोपऱ्याचं किती नुकसान झालंय ते बघायला कागद तारेला लावून पाहिला.

तार कागदाच्या बाहेर आली होती.

मला वाटलं, बाळानं कागद खाल्ला. दुसरं टोक लावलं. ते तर कोरडं होतं. तिथेही तार बाहेर. खालची तार, तीही बाहेर. प्रत्येक टोकाला अंगठ्याच्या रुंदीएवढी, सगळीकडे सारखी, एकही कमी-जास्त नाही. चुकून कापणाऱ्याच्या हातून असं सारखं होत नाही. अशी सारखी रुंदी मी रोज बघते, माझ्या मुलीच्या झबल्यांच्या आत. बाबांनी शिवलेलं झबलं उलटं केलं की आत आणखी एक झबलं निघेल इतकं कापड दुमडलेलं असतं. याला ते माया म्हणतात. गिऱ्हाईक सुटलं, पोर वाढलं, तर उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीच्या बाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. दुसरे टेलर सोडतात त्याच्या दुप्पट आमचे मास्तर सोडतात.

आता हे सांगायचं कसं? मास्तरांनी कापलेलं चुकलं, असं या घरात आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. मी सून. त्यातून बाळानं पॅटर्न ओला केलेला.

मी चहा टाकला. बाबांच्या हातात कप दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, या तारेला माया किती सोडलीय?"

"नेहमीएवढी," बाबा म्हणाले आणि एक घोट घेतला.

दुसरा घोट त्यांनी घेतलाच नाही. कप तसाच हातात. त्यांनी बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या, त्यांना हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या बाहेर आल्या.

"अहो, बरोबरच आहे. उद्या तार सुटली बाळंतपणात, तर उसवायला नको?"

"हसा," बाबा म्हणाले. "हसून घ्या." आणि स्वतःच असे हसले की चहा बशीत सांडला. "सांगत होता तो मोबाईलमधला, तसूभर जास्त नको, लांब तार वरच्या वाहिन्या सोडते. मी म्हटलं, याला काय कळतंय कापण्यातलं!"

मग कापाकापीची घाई उडाली. बातम्यांना फार वेळ उरला नव्हता. बाबांनी सवयीनं कात्री उचलली आणि आई ओरडल्या, "कापडाची कात्री नको!" नवरा दुकान अर्धवट बंद करून पक्कड घेऊन धावत आला. पण पक्कड हातात आल्यावर बाबा थांबले. खूण केली, पुसली, पुन्हा केली.

"कापा ना बाबा," नवरा म्हणाला.

"कापलेलं परत येत नाही रे." माणसांच्या अंगावरची माया त्यांनी उसवून दिली होती, कापून टाकली कधीच नव्हती. शेवटी म्हणाले, "सूनबाई, पॅटर्न धर." मी ओल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून पॅटर्न धरला. टक्. तारेचा तुकडा जमिनीवर पडला. बॉबिन त्याच्याकडे गडगडत निघाली, तिला आईंनी उचललं. टक्, टक्, बाबा शेवटपर्यंत कापत गेले.

बटण दाबलं. पट्टी सरकली. चाकू, मासळी, म्हातारे. पट्टी अगदी शेवटाला आली आणि टाचणीच्या वाहिनीचं नाव उमटलं. बातम्या चालू होत्या. नवऱ्यानं बाईच्या खांद्याला हात लावला तर बाबा खेकसले, "हलवू नकोस तिला!"

आणि ती आली. नकाशासमोर उभी, बाबांच्या कोटात. कॉलर मानेला अशी बसली होती, जणू तिच्याबरोबरच वाढली. गळ्याशी फुगा नाही. तिनं हात वर करून डोंगराकडे बोट दाखवलं, तरी खांदा जागचा हलला नाही. आईंनी डोळ्यांना पदर लावला. बाबा टीव्हीच्या इतके जवळ गेले की आम्हाला नकाशाऐवजी त्यांचं डोकंच दिसायला लागलं.

"बाबा, बाजूला व्हा!"

"उसवलाय," बाबा म्हणाले.

"काय?"

"कडेनं उसवलाय. जुन्या टिपेची रेघ दिसतेय बघ. सगळी माया सोडवलीय आणि परत टीप घातलीय. सरळ घातलीय, कुणी घातली कोण जाणे."

तिचं झालं, जाहिरात लागली, आणि फोन वाजला.

"दिसले?"

"मापं कधीची सांगितलीस?" बाबांनी विचारलं.

मग टाचणी हळूच म्हणाली, "कॉलेजची. बाबा, डब्याचं खाऊन थोडी... लाज वाटली हो सांगायला. काल घालून बघितला तर बटण लागेना. रडायलाच आलं. मग उलटा करून बघितला, तर आत तुम्ही एवढं कापड ठेवलेलं! इथे वाहिनीत कपडे बघणारी बाई आहे, तिनं उसवून दिला. ती म्हणाली, कुणी शिवला, हल्ली इतकं कुणी सोडत नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीवरच्या तारेच्या तुकड्यांकडे. "आमच्याकडेही जरा जास्तच सुटलं होतं," ते म्हणाले. "टाचणी म्हणे! आता तुला सुई म्हणायचीही सोय राहिली नाही."

"बाबा! कशी झाले पण मी? सांगा ना."

"खांदा हलला नाही."

"म्हणजे छान?"

"म्हणजे खांदा हलला नाही." बाबांनी खाली वाकून तुकडे वेचायला सुरुवात केली आणि बराच वेळ वर बघितलंच नाही. वेचलेले तुकडे त्यांनी बटणांच्या डब्यात टाकले. पुढे लागतील.

आईंनी फोन ओढून घेतला. "फार सुरेख बोललीस गं! एकेक शब्द मोत्यासारखा."

"हो? मग सांग, उद्या काय होणार म्हणाले मी?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी नवऱ्याकडे. नवऱ्यानं बाईकडे.

"ऊन?" आई म्हणाल्या.

"आई, वाळत घातलेले कपडे आत घे," टाचणी म्हणाली आणि फोन ठेवला.